नकाराचा अधिकार

सूर्यनारायणाने मनुष्यजातीची जी कामे आजवर विनामूल्य आणि बिनतक्रार करून दिली, त्यांत ओले कपडे वाळविण्याचे काम सर्वांत उपेक्षित होय. पापड, कुरडया, सांडगे आणि वर्षाची मिरची यांच्या वाळवणापायी त्याला निदान स्त्रीवर्गाचे दोन बरे शब्द तरी लाभतात. परंतु सकाळी दोरीवर टाकलेले धोतर दुपारी कडकडीत होऊन हाती आले म्हणून सूर्याचे आभार मानणारा इसम माझ्या तरी पाहण्यात नाही. चाळीच्या गॅलरीत उभे राहून, हातातल्या काठीने, आढ्यालगतच्या दांडीवर नऊवारी लुगडे एकही चूण न पडू देता पसरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत; आणि कोकणात आषाढ-श्रावणात सूर्य दीर्घ मुदतीच्या रजेवर गेला म्हणजे शेगडीत निखारे घालून, तीवर वेताची टोपली पालथी टाकून, तिच्यावर बाळाची दुपटी शेकत बसलेल्या आज्याही पाहिल्या आहेत. या व्यवस्थेत बिघडण्यासारखे काही नव्हते. क्वचित टोपली करपे. पण ती का करपली हे सांगण्यासाठी तज्ज्ञाला आगाऊ शुल्क देऊन पाचारण करावे लागत नसे.

मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनाच्या जागेवरून निवृत्त झाल्यावर चिरंजीवांच्या आग्रहाने आम्ही उभयता न्यू जर्सीत दाखल झालो, तेव्हा आमच्या कुटुंबाने केलेली पहिली पृच्छा ‘दोरी कुठे बांधायची?’ ही होती.

“आई, इथं बाहेर कपडे वाळत घालता येत नाहीत. वस्तीच्या संघटनेचा नियम आहे,” चिरंजीव म्हणाले.

“अरे, पण आपलेच कपडे, आपलंच अंगण!”

“अंगण आपलं, पण दिसतं सगळ्यांना.”

दोरीवरच्या वस्त्रांनी वस्तीची शोभा जाते आणि शोभा गेली की घरांची किंमत उतरते, असा या नियमामागील अर्थशास्त्रीय सिद्धांत आहे. ज्या देशाने स्वातंत्र्यदेवतेचा एवढा थोरला पुतळा ऐन बंदरात उभा केला, त्या देशात आपला पंचा उन्हात टाकण्याचे स्वातंत्र्य कायद्याने मिळवावे लागते, ही गोष्ट मला आधी थट्टाच वाटली. परंतु व्हरमाँट आणि मेन या राज्यांनी २००९ साली खरोखरच तसे कायदे करून आपल्या रहिवाशांच्या दोरीला संरक्षण दिले आहे. आमच्या वस्तीत मात्र संघटनेचा शब्द अखेरचा होता. सबब आमची धोतरे, सौभाग्यवतींची पातळे आणि नातीचे चिमुकले मोजे तळघरातील एका पांढऱ्या लोखंडी पेटीच्या हवाली होऊ लागले.

या पेटीची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. नॉर्थ डकोटातील जे. रॉस मूर नावाच्या गृहस्थाने, हाडे गोठविणाऱ्या थंडीत घरच्या धुण्याचे होणारे हाल पाहून, शेगडीच्या उष्णतेवर कपडे फिरविणारे पिंप बनविण्याचा ध्यास घेतला. विस्कॉन्सिनमधील टू रिव्हर्स गावच्या हॅमिल्टन कंपनीने त्याची कल्पना उचलून १९३८ साली जे यंत्र बाजारात आणले, त्याचे नाव ठेवले ‘जून डे’. ज्या मुलखात जून महिना म्हणजे सुखद, कोरडे ऊन, तिथे हे नाव काव्यमय ठरले असेल. आमच्याकडे याच नावाने कोणी कपडे वाळविण्याचे यंत्र विकू लागला असता तर मृगाच्या सरीत भिजत आलेल्या गिऱ्हाइकांनी त्याला वेड्यात काढले असते. विशेष हे की, ही कंपनी मूळची छापखान्यांसाठी लाकडी टाइप करणारी. पुढे ब्रूक्स स्टीव्हन्स या कल्पक आरेखकाने यंत्राच्या दाराला काच बसविली आणि दुकानात मांडताना आत भडक रंगांचे कपडे फिरते ठेवण्याचा सल्ला दिला, असे सांगतात. त्या काचेसमोर आमची नात अद्यापही ठाण मांडून बसते.

तर असे हे यंत्र एका शनिवारी गरम होईनासे झाले. पिंप नेहमीप्रमाणे फिरत होते, पंखा घरघरत होता, दिवा लुकलुकत होता, आणि तासाभराने दार उघडावे तो कपडे जसे आत गेले तसेच ओलेचिंब बाहेर. कामकाज संपूर्ण चालू, निष्पत्ती शून्य. सरकारी नोकरीत हयात घालविलेल्या माणसाला यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते, पण घरातील इतर मंडळी हवालदिल झाली. दुरुस्ती करणाऱ्या एका पेढीला दूरध्वनी केला, तेव्हा त्यांनी गुरुवारची तारीख दिली, नुसत्या येण्याचे शुल्क सांगितले, आणि यंत्राचे वय ऐकून, ते न पाहताच, नवे घेण्याची शिफारस केली. चिरंजीव लगेच नव्याच्या किमती पाहू लागले. ज्याचा दोष सिद्ध झालेला नाही त्याला चौकशीविना बडतर्फ करण्याची ही रीत माझ्या तत्त्वात बसणारी नव्हती. मी तहकुबीचा अर्ज केला आणि तो सूनबाईंच्या पाठिंब्याने मंजूर झाला.

चौकशी अधिकारी शेजारीच मिळाले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटारी वाइंड करण्यात ज्यांचा जन्म गेला असे एक वृद्ध गृहस्थ आपल्या मुलीकडे राहावयास आले होते. सायंकाळी फिरावयास जाताना त्यांची-माझी गाठ पडे. मी त्यांना अण्णा म्हणे आणि ते मला, माझा खरा हुद्दा ठाऊक असूनही, रावसाहेब म्हणत. परदेशात मुलांच्या घरी ‘पडून राहा, आराम करा’ या वाक्याने जर्जर झालेल्या त्या कर्त्या माणसाला बिघडलेले यंत्र दिसताच जो तजेला आला, तो कोणत्याही रसायनाने आला नसता.

“गरम व्हईना म्हणून नवी मशीन घ्यायची?” अण्णा म्हणाले. “मोटर फिरत्या न्हवं? मग मशीन जित्ती हाय. आधी मेन बघा.”

मेन प्रथम पाहण्याचे कारण त्यांनी जे सांगितले, ते ऐकून मी थक्क झालो. अमेरिकन घरात वीज १२० व्होल्टच्या दोन तारांनी येते. ड्रायरची मोटार त्यांपैकी एकीवर चालते, पण हीटरला दोन्ही मिळून २४० व्होल्ट लागतात. दुसरी तार तुटली तरी पिंप निष्ठेने फिरत राहते, दिवा लागतो, फक्त उष्णता तेवढी येत नाही. आमच्या मेनवरील दोन्ही बाजू मात्र शाबूत निघाल्या. मग चार खिळ्यांचा तो अजस्र प्लग भिंतीतून उपसून अण्णांनी स्वतःच्या खिशात कोंबला जात नाही असे पाहून नातीच्या स्वाधीन केला, आणि आजोबांनी मागितल्याशिवाय तो कोणालाही द्यावयाचा नाही असे तिला बजावले. “वीज काय पै-पावणा बघत न्हाई,” एवढेच कारण त्यांनी दिले.

पाठचा पत्रा सोडविल्यावर जी रचना दृष्टीस पडली तिने मात्र मला अनेक वर्षे मागे नेले. कारण ते यंत्र नव्हते, ती साक्षात कचेरी होती. हीटर हा या कचेरीचा खजिना. पाच हजार वॉटच्या वर त्याचा खर्च, म्हणून त्याच्याकडे जाणारी वीज अनेक अधिकाऱ्यांच्या टेबलांवरून, एकामागून एक, अशीच जाते. आणि या अधिकाऱ्यांपैकी एकालाही ‘होय’ म्हणण्याचा स्वतंत्र अधिकार नाही, परंतु प्रत्येकाला ‘नाही’ म्हणण्याचा पूर्ण आहे. सगळे गप्प बसले तर उष्णता मंजूर. एकाने हात वर केला की प्रकरण जागच्या जागी बंद. ज्याने कोणी ही मांडणी केली त्याने आमच्या जिल्ह्यात काही वर्षे काढली असावीत.

पहिला अधिकारी म्हणजे बाहेर जाणाऱ्या हवेच्या वाटेवर बसलेला नित्याचा थर्मोस्टॅट. हवा सुमारे १५५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या मापाने ६८ अंशांवर गेली की तो वीज तोडतो, निवली की जोडतो, दिवसभर हेच. याच्या बाबतीत वरिष्ठांनी एक लबाडी करून ठेवली आहे, तिचे कौतुक केल्यावाचून राहवत नाही. नाजूक कपड्यांसाठी ‘मंद’ हे बटण दाबले असता थर्मोस्टॅटला हुकूम वगैरे काही जात नाही. त्याच्या बुडाशी दडविलेला एक इवलासा हीटर पेटतो, आणि बाहेर आहे त्याहून अधिक ऊन आहे अशी समजूत होऊन तो बिचारा वेळेआधीच वीज तोडतो. हाताखालच्या माणसाकडून नियमबाह्य काम करवून घेण्याची, त्याच्या खुर्चीखाली निखारा ठेवण्याची युक्ती मला नोकरीत कोणी सांगितली नाही, याची खंत वाटते.

त्याच्याजवळच थर्मल फ्यूज बसतो. हा जन्मात एकदाच बोलतो. सुमारे ९१ अंश सेल्सियस उष्णता लागली की तो तुटतो आणि पुन्हा जुळत नाही. काही बनावटींत त्याच्या तुटण्याने हीटर थांबतो, काहींत मोटारच सुरू होत नाही. आणि खुद्द हीटरच्या पेटीला चिकटलेला असतो हाय-लिमिट थर्मोस्टॅट, म्हणजे कमाल मर्यादेचा रक्षक. याचे अधिकार असाधारण, केवळ आणीबाणीत वापरावयाचे. त्याच्या शेजारी त्याचा जोडीदार, तोही थर्मल फ्यूजप्रमाणे एकदाच तुटणारा.

कागदावर नोंद झाल्याखेरीज चौकशी झाली असे मानण्याची मला सवय नसल्याने, अण्णांच्या हातात मीटर आणि माझ्या हातात वही, अशी कामाची वाटणी झाली. त्या वहीतील उतारा येथे देतो:

“पंचनामा करण्यात येतो ऐसाजे, प्लग काढून व तो कु. नातीच्या ताब्यात असल्याची खात्री करून, प्रत्येक भागाची किमान एक तार सोडविली. कारण तार न सोडता मोजल्यास मीटरचा प्रवाह दुसऱ्या वाटेने फिरून खोटी साक्ष देतो, असे अण्णा सांगतात. हीटर: १० ओहम, निर्दोष. थर्मल फ्यूज: शून्य, निर्दोष. नित्याचा थर्मोस्टॅट: शून्य, निर्दोष. हाय-लिमिटचा जोडीदार: शून्य, निर्दोष. हाय-लिमिट थर्मोस्टॅट: मीटरचा काटा हलत नाही. तळघरात गारठा असता, व कोणतीही आणीबाणी नसता, सदर इसम ‘नाही’ म्हणत आहे.”

“ह्यो मेलाय,” अण्णांनी निकाल दिला आणि दोन स्क्रू फिरवून आरोपीला माझ्या तळहातावर ठेवले.

रुपयाच्या नाण्याएवढी, दोन कान असलेली ती काळी चकती पाहून, हिच्यापायी नव्या यंत्राची खरेदी होऊ घातली होती यावर विश्वास बसेना. तिच्या कडेवर बारीक अक्षरांत ‘एल २५०-८०’ असे कोरलेले होते. अण्णांनी उकलून सांगितले: २५० अंश फॅरनहाइटला, म्हणजे १२१ सेल्सियसला ही वीज तोडणार, आणि ८० अंश उतरल्यावर, १७० ला, पुन्हा जोडणार. आत असते एक बशीसारखी किंचित फुगीर पातळ चकती, दोन निराळ्या धातूंचे थर एकजीव करून बनविलेली. उष्णतेने दोन्ही धातू फुगतात, पण सारखे फुगत नाहीत. एक जास्त पसरू पाहतो, दुसरा त्याला धरून ठेवतो, आणि हा तंटा विकोपाला गेला की फुगीर बाजू एकदम ‘टक्’ करून उलटी होते. त्या टक्-सरशी आतली दांडी सरकते आणि विजेचे टोक उचलले जाते. हळूहळू सरकली असती तर दोन टोकांत ठिणगी खेळत राहिली असती; म्हणून हा निर्णय असा तडकाफडकी. दोन धातूंच्या या वैमनस्याचा उपयोग जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने अठराव्या शतकात समुद्रावरच्या घड्याळासाठी करून घेतला होता. पुढे विस्कॉन्सिनातील व्हाइटवॉटर येथील अध्यापक वॉरन जॉन्सन यांना, वर्गातली उष्णता तपासण्यासाठी शाळेचा शिपाई वारंवार आत येई त्याचा उपद्रव होऊन, १८८३ साली खोलीसाठी विजेच्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेण्याची बुद्धी झाली. शिकविताना शिपायाने दार उघडले म्हणून चिडणारे मास्तर आमच्याकडे शेकड्यांनी होऊन गेले. पण त्यांनी पट्टी उगारण्यापलीकडे कोणता शोध लावल्याचे ऐकिवात नाही.

आरोपी सापडला, त्याची जागा भरावयाची, प्रकरण दप्तरी दाखल, असे चिरंजीवांचे मत पडले. दाराच्या चौकटीवर छापलेला यंत्राचा मॉडेल क्रमांक पाहून त्यांनी तत्काळ नवा भाग मागविला. तो त्याच्या निर्दोष जोडीदारासह एकाच पाकिटात विकला जातो आणि दोघांनाही एकदमच बदलावे असा संकेत आहे. क्रमांक पाहणे अगत्याचे, कारण अशा चकत्या बाहेरून हुबेहूब एकसारख्या असतात, आणि २५० च्या जागी १५५ ची बसविली तर कपडे वाळेपर्यंत पौर्णिमेची अमावास्या होईल.

अण्णा मात्र समाधान पावले नव्हते. “रावसाहेब, ह्यो मेला कशानं?” त्यांनी विचारले, आणि चौकशीच्या कामी माझ्याहून मोठा माणूस मला भेटला हे मी ओळखले. आणीबाणीचे अधिकार असलेला रक्षक दहा-दहा वर्षे स्वस्थ बसावयाचा. त्याला रोज उठून हात वर करावा लागला, टक्-टक् करीत त्याची टोके झिजली, तेव्हाच तो कायमचा तुटला. मग रोज आणीबाणी येत होती ती कोठून? अण्णांनी पेटी भिंतीपासून आणखी पुढे ओढली, पाठीमागची चार इंची नळी काढली आणि आत हात घातला.

त्या नळीतून जे निघाले त्याचे वर्णन करणे सोपे नाही. कपड्यांतून सुटणारा सूक्ष्म तंतुकेर, ज्याला तिकडे लिंट म्हणतात, तो वर्षानुवर्षे साचून करडा, मऊ, दाट थर होऊन बसला होता. अण्णा तो ओढीत होते आणि तो येतच होता. त्यात चिरंजीवांच्या निळ्या पॅन्टींची निळाई होती, सौभाग्यवतींच्या अंजिरी पातळाचा धागा होता, नातीच्या वाढदिवसाच्या झग्याची चमकी होती. “माझं पातळ विरत चाललंय म्हणून मी ओरडत होते, ते इथं गोळा होत होतं होय!” सौभाग्यवती म्हणाल्या. बाहेरच्या भिंतीवरची झडप याच केराने अर्धवट उघडी अडकलेली होती. ओली, ऊन हवा बाहेर जाण्याची वाट अशी तुंबली की हीटरभोवतीची उष्णता साठत जाते आणि त्या गरीब रक्षकाला प्रत्येक घाण्याला आपला असाधारण अधिकार वापरावा लागतो. ज्याला आम्ही नादुरुस्त म्हणून काढले, तो वास्तविक घर जळू नये म्हणून झिजून गेला होता. आणि त्याच्या जागी चार आण्यांची तार जोडून काम भागविण्याचा जो सल्ला काही उत्साही मंडळी देतात, तो किती घातक आहे हे त्या केराला काडी लावून पाहिल्यास कळेल. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अहवालात २००८ ते २०१० या काळात निवासी इमारतींत ड्रायरमुळे लागलेल्या आगींचा अंदाज वर्षाला सुमारे २९०० दिला असून, सफाई न करणे हे त्यांचे पहिले कारण सांगितले आहे.

सफाई कोणाची, या प्रश्नावर त्या सायंकाळी घरात परिषद भरली. दारातली जाळी सूनबाई दर खेपेस साफ करीत, याविषयी दुमत नव्हते. पण जाळीतून निसटलेल्या केराचे पुढे काय होते, हे खाते कोणाकडेच सोपविलेले नव्हते. चिरंजीवांना नळी आहे हे माहीत होते, पण ती साफ करावयाची असते हे माहीत नव्हते. घर विकणाऱ्याने किल्ल्या दिल्या होत्या, नळीविषयी काही सांगितले नव्हते. आणि संघटनेच्या नियमावलीत बाहेरच्या दोरीविषयी अख्खे कलम होते, नळीविषयी चकार शब्द नव्हता. नोकरीत असताना एका ओढ्याच्या मालकीवरून तीन खात्यांचा पत्रव्यवहार मी सांभाळला होता. त्या ओढ्यातला गाळही असाच वाढत गेला होता.

नवा रक्षक आणि त्याचा जोडीदार बसविण्याचे काम त्यामानाने क्षुल्लक. तारांची पाती चिमट्याने धरून सरळ ओढावयाची, तार धरून ओढावयाची नाही. जिथली तिथे घट्ट बसवावयाची, कारण सैल पाते तापून काळे पडते. पत्रा लावला, नळीचे वेढे सरळ केले, पेटी मागे सरकविताना ती चेपू नये याकडे अण्णांनी जातीने लक्ष दिले. नातीकडे प्लगची मागणी केली तेव्हा तिने ‘आजोबांनीच मागायचा’ असे सांगून अण्णांना परत पाठविले. यंत्र सुरू झाले. काही मिनिटांत काचेवर हात ठेवला तर ती कोमट लागली, आणि बाहेरची झडप उघडून वाफाळ हवा अंगणात सुटली, ज्या अंगणात पंचा टाकण्यास मनाई आहे तिथेच.

गुरुवारी पेढीचा माणूस आला नाही, हे सांगावयाचे राहिले. त्याने शुक्रवारी येतो असे कळविले.

ज्या वाचकांची मुलेबाळे परमुलखात आहेत आणि ज्यांच्या घरी हे यंत्र आहे, त्यांना एवढीच विनंती की पुढच्या बोलण्यात प्रकृती, पगार आणि नातवंडांचे दात यांची विचारपूस झाल्यावर ‘ड्रायरची नळी शेवटची कधी साफ केली?’ हा एक प्रश्न अवश्य घालावा, आणि ‘कोणती नळी?’ असे उत्तर आल्यास त्या दिवशी तरी कपडे खुर्च्यांच्या पाठीवर वाळत घालावयास सांगावे.